वर्तुळकंसाचे पाच आकडे

एक खेळ खेळून पाहा. तुमचा मित्र दुसऱ्या गावी आहे. त्याच्याजवळ आलेख कागद, पट्टी, कोनमापक आणि कंपास आहे. तुमच्याजवळही तेच साहित्य आहे. तुम्ही आपल्या कागदावर एक वर्तुळकंस काढला आहे. आता केवळ दूरध्वनीवर बोलून, अगदी तसाच कंस, अगदी त्याच जागी, मित्राकडून काढून घ्यायचा आहे. छायाचित्र पाठवायचे नाही. फक्त आकडे सांगायचे. किती आकडे सांगावे लागतील?

"थोडा बाकदार काढ, उजवीकडे जरा उतरता घे" असे सांगून भागणार नाही, हे उघड आहे. मित्राचा 'थोडा' आणि तुमचा 'थोडा' सारखा नसतो.

संगणकावर नकाशे काढणारा आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन, रोज हाच खेळ खेळत असतो. पुलाची कमान, मोटारीच्या भागाचा गोलसर कोपरा, जिन्याचा कठडा, रस्त्याचे वळण यांत ठिकठिकाणी वर्तुळकंस असतात. पूर्वी हे सारे कागदावर हाताने काढीत. आता ते संगणकाला आज्ञा देऊन काढतात. या पद्धतीला 'कॅड' असे आटोपशीर नाव आहे. संगणकाला हात नाही, कंपास नाही आणि 'साधारण असे' हे शब्द त्याला कळत नाहीत. त्याला पुरेशी माहिती द्यावी लागते. ती कमी पडली तर तो अडतो. जास्त झाली तर त्यातले काय टाकायचे हे त्याला ठरवावे लागते. म्हणून प्रश्न असा की, वर्तुळकंसासाठी 'पुरेशी माहिती' म्हणजे नेमकी किती?

पाचच का?

कंपासने कंस काढताना आपण काय काय ठरवतो ते सावकाश पाहू. प्रथम कंपासचे टोक कोठे रोवायचे ते ठरवतो. हे झाले केंद्र. आलेख कागदावर केंद्राची जागा सांगायला दोन आकडे लागतात, आडवे अंतर आणि उभे अंतर. नंतर कंपास किती उघडायचा ते ठरवतो. ही त्रिज्या, म्हणजे तिसरा आकडा. एवढ्याने पूर्ण वर्तुळ ठरते. आपल्याला मात्र त्याचा एक तुकडाच हवा आहे. तो कोणत्या कोनापासून सुरू करायचा हा चौथा आकडा आणि कोणत्या कोनापाशी थांबवायचा हा पाचवा.

दोन, एक, एक आणि एक मिळून पाच. चार आकडे दिले तर मित्राला असंख्य कंस काढता येतील आणि त्यांतला तुमचा कोणता हे कळणार नाही. सहावा आकडा दिला तर तो एक तर आधीच्या पाचांतून निघणारा असेल, नाही तर त्यांच्याशी भांडणारा असेल.

ही केवळ कल्पना नव्हे. 'ऑटोकॅड' ही आज्ञावली आपली चित्रे देवाणघेवाणीसाठी ज्या स्वरूपात लिहून ठेवते, त्यात सपाट चित्रातील कंसाची भूमितीय नोंद पाहिली तर हेच पाच आकडे सापडतात. केंद्राचे दोन, त्रिज्येचा एक, सुरुवातीचा कोन आणि शेवटचा कोन. फाइलीत कंसाचे चित्र नसतेच, असतात ते हे आकडे.

प्रकाशलेखणीची सुरुवात

संगणकाच्या पडद्यावर माणसाने हाताने रेखाटने करावीत ही कल्पना ठळकपणे पुढे आणली आयव्हन सदरलँड यांनी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६३ साली त्यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात 'स्केचपॅड' ही आज्ञावली मांडली. ती टीएक्स-२ नावाच्या संगणकावर चाले. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवायची आणि शेजारची बटणे दाबायची, असा प्रकार होता. पुढे १९८८ साली सदरलँड यांना संगणकशास्त्रातील मानाचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

स्केचपॅडमध्ये कंस कसा काढीत ते पाहा. लेखणी केंद्राच्या जागी नेऊन एक बटण दाबायचे. मग परिघावरचा एखादा बिंदू निवडून दुसरे बटण दाबायचे. त्याबरोबर त्रिज्या पक्की होई. यापुढे लेखणी कितीही आतबाहेर झाली तरी त्रिज्या बदलत नसे. कंस किती लांब जायचा एवढेच लेखणी ठरवीत असे. आता मोजा. केंद्राचे दोन आकडे, परिघावरच्या बिंदूचे दोन आणि 'किती लांब' याचा एक. पुन्हा पाचच!

वैयक्तिक संगणकांवर चालणारे ऑटोकॅड १९८२ साली आले. ते चालवणारा माणूस आज्ञांच्या ओळीत 'आर्क' असा शब्द टंकतो. आर्क म्हणजे कंस. लगेच संगणक विचारतो, "सुरुवातीचा बिंदू कोणता?" तो सांगितला की दुसरा बिंदू विचारतो आणि मग शेवटचा. काहीच वेगळे सांगितले नाही, तर तीन बिंदूंतून कंस काढायचा असे तो गृहीत धरतो.

फुटकी बांगडी आणि बाण

तीन बिंदू पुरतात कसे? तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते, हे प्रमेय तुम्ही भूमितीत शिकला आहात किंवा लवकरच शिकाल. पहिला आणि दुसरा बिंदू जोडा, दुसरा आणि तिसरा जोडा. या दोन जीवांचे लंबदुभाजक जेथे छेदतात ते केंद्र. म्हणजे केंद्र न देताही आपण ते दिल्यासारखेच आहे.

येथे एक शंका येईल. तीन बिंदूंचे आकडे होतात सहा. मग पाचाचा हिशेब चुकला की काय? नाही. मधला बिंदू त्याच कंसावर थोडा पुढे किंवा मागे सरकवा. कंस तोच राहतो. म्हणजे मधल्या बिंदूने दिलेल्या दोन आकड्यांपैकी एकच कामाचा. 'तो कंसावर नेमका कोठे आहे' ही माहिती संगणक वापरतो आणि विसरून जातो. सहातून एक वजा, पाच उरले.

आता फुटक्या बांगडीचा एक तुकडा घ्या. कडा बोटाला लागू देऊ नका! बांगडी मूळ केवढी होती ते शोधायचे आहे. तुकड्याची दोन टोके जोडणारी सरळ रेषा म्हणजे जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतची उंची म्हणजे शर. शर म्हणजे बाण. कंस हे धनुष्य, जीवा ही त्याची दोरी आणि दोरीच्या मध्यावर लावलेला हा बाण. आपल्या जुन्या गणितींनी ही नावे किती नेमकी योजली होती पाहा. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमाराच्या 'आर्यभटीय' या ग्रंथात या शराचा एक सुरेख नियम सांगितला आहे. जीवेमुळे व्यासाचे जे दोन भाग होतात त्यांचा गुणाकार हा अर्ध्या जीवेच्या वर्गाएवढा असतो.

समजा, तुकड्याची जीवा ४८ मिलिमीटर भरली आणि शर १२ मिलिमीटर. अर्धी जीवा २४, तिचा वर्ग ५७६. ५७६ ला १२ ने भागले की ४८. म्हणून पूर्ण व्यास १२ अधिक ४८, म्हणजे ६० मिलिमीटर, आणि त्रिज्या ३० मिलिमीटर. फक्त दोन मापे घेऊन अख्खी बांगडी पुन्हा उभी राहिली!

परंतु सावधान. माप घेताना शरात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर? शर १२ ऐवजी ११.५ मोजला तर त्रिज्या येते सुमारे ३०.८ आणि १२.५ मोजला तर सुमारे २९.३. फारसे बिघडले नाही. आता त्याच बांगडीचा लहान तुकडा घ्या, जीवा केवळ २० मिलिमीटर. त्याचा खरा शर सुमारे १.७ मिलिमीटर असतो. तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक इथे करा. शर १.२ मोजला तर त्रिज्या येते ४२ आणि २.२ मोजला तर २४! बाळाची बांगडी आजीच्या हातात आणि आजीची बाळाच्या हातात, असा घोटाळा होईल.

तीन बिंदूंनी कंस काढणाऱ्याने हा धडा लक्षात ठेवायला हवा. बिंदू एकमेकांपासून जितके दूर घ्याल तितके केंद्र भरवशाचे. बिंदू जवळजवळ घेतले, किंवा ते जवळपास एका रेषेत आले, की अल्पशा चुकीने केंद्र कोठल्या कोठे पळते. ६० मिलिमीटरच्या जीवेवर शर जर ०.१ मिलिमीटर असेल तर त्रिज्या साडेचार मीटर होते. आणि तिन्ही बिंदू तंतोतंत एका रेषेत असतील तर वर्तुळच नाही. मग संगणक आज्ञा नाकारतो. तो हट्टीपणा करीत नसतो, भूमितीच्या बाजूने बोलत असतो.

केंद्रापाशी न जाता शरावरून त्रिज्या काढण्याची ही युक्ती आपल्या रेल्वेतही वापरतात. वळणावरच्या रुळाचे केंद्र शेकडो मीटर दूर, कोणाच्या तरी शेतात असते. तेथे जाऊन कोण दोरी धरणार? म्हणून बाहेरच्या रुळाला २० मीटर लांबीची दोरी ताणून जीवा करतात आणि तिच्या मध्यावर रूळ दोरीपासून किती दूर आहे ते मोजतात. हे अंतर ५० मिलिमीटर भरले तर त्या वळणाची त्रिज्या १००० मीटर. आर्यभटाच्या नियमाने पडताळून पाहा. (गुणाकार करताना सगळी मापे मीटरमध्ये घ्या.)

अकरा दारे, एकच खोली

ऑटोकॅडच्या यादीत कंस काढण्याच्या एकूण अकरा पद्धती दिलेल्या असतात. नवख्या विद्यार्थ्याला ती यादी पाहून धडकी भरते. पण आपल्याजवळ आता पाचाची किल्ली आहे. ती लावून पाहू.

सुरुवातीचा बिंदू, केंद्र आणि कोन: दोन अधिक दोन अधिक एक, पाच. सुरुवातीचा बिंदू, केंद्र आणि जीवेची लांबी: पाच. दोन टोके आणि कोन: पाच. दोन टोके आणि त्रिज्या: पाच. दोन टोके आणि निघतानाची दिशा: पाच. यांपैकी काहींत केंद्र आधी आणि सुरुवातीचा बिंदू नंतर सांगता येतो, म्हणून त्या यादीत पुन्हा वेगळ्या येतात. कधी आपल्याला केंद्र ठाऊक असते, कधी टोके. म्हणून दारे वेगवेगळी, आत शिरल्यावर खोली एकच.

शेवटची पद्धत आहे 'कंटिन्यू', म्हणजे 'पुढे चालू'. यात फक्त शेवटचा बिंदू द्यायचा. दोनच आकडे! मग उरलेले तीन कोठून आले? संगणक आधी काढलेली रेषा किंवा कंस पाहतो. ती जेथे संपली ती जागा हे दोन आकडे आणि ती ज्या दिशेने चालली होती ती दिशा हा तिसरा. म्हणून नवा कंस आधीच्या रेषेला स्पर्शिकेसारखा, कोपरा न करता जुळतो. धावत्या मोटारीला रस्ता असाच हवा असतो.

एक पद्धत मात्र सहा आकडे मागते. सुरुवातीचा बिंदू, केंद्र आणि शेवटचा बिंदू. पहिल्या दोहोंनी त्रिज्या ठरलेली असते. मग शेवटचा बिंदू त्या वर्तुळावर नसला तर? संगणक काय करतो ते ऐका. केंद्रापासून त्या बिंदूकडे तो केवळ पाहतो. बिंदू कोणत्या दिशेला आहे एवढे ध्यानात घेतो आणि किती दूर आहे ते सोडून देतो. कंस त्या दिशेपाशी थांबतो, बिंदूपर्यंत पोचेलच असे नाही. हे ठाऊक नसले की विद्यार्थी बुचकळ्यात पडतात. "मी तर बिंदू बरोबर दिला, मग कंस त्याला टेकत का नाही?" उत्तर सोपे आहे. सहावा आकडा संगणकाने टाकून दिला.

चार कंसांतून एक

पाच आकडे दिले तरी एखादे वेळी शंका शिल्लक राहते. आलेख कागदावर (०, ०) आणि (६०, ०) हे दोन बिंदू मांडा. त्रिज्या ५० घ्या. या दोन्ही बिंदूंपासून ५० अंतरावर असणारी केंद्रे दोन आहेत. एक वर, (३०, ४०) येथे आणि एक खाली, (३०, -४०) येथे. प्रत्येक वर्तुळाचे दोन तुकडे पडतात, लघुकंस आणि विशालकंस. म्हणजे एकूण चार कंस! संगणकाने कोणता काढावा?

येथे गणित संपते आणि संकेत सुरू होतो. पहिला संकेत दिशेचा. ऑटोकॅड आपण होऊन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने कंस काढतो. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव आपल्या उजव्या हाताला राहतो. संगणकाचा कंस उलटी प्रदक्षिणा घालतो, म्हणून केंद्र नेहमी त्याच्या डाव्या हाताला असते. कोन मोजण्याची गणितातली आणि भौतिकशास्त्रातली धन दिशाही हीच आहे. या संकेताने चारांतले दोन कंस बाद झाले. दुसरा संकेत चिन्हाचा. त्रिज्या धन दिली तर लघुकंस, ऋण दिली तर विशालकंस. ऋण त्रिज्या ही प्रत्यक्षात असू शकत नाही. म्हणूनच ते चिन्ह दुसरा निरोप सांगायला मोकळे होते!

आता समजा, तुम्हाला दरवाजाची कमान काढायची आहे. तुम्ही डाव्या खांबापासून, म्हणजे (०, ०) पासून सुरुवात केलीत, शेवट (६०, ०) दिलात आणि त्रिज्या ५०. पडद्यावर काय दिसेल? कमान नव्हे, तर खाली लोंबणारी झोळी! कारण उजवीकडे चालताना डावा हात वरच्या बाजूला येतो, म्हणून केंद्र वर, (३०, ४०) येथे गेले आणि कंस खाली फुगला. उपाय अगदी साधा. उजव्या खांबापासून सुरुवात करा आणि डाव्यापाशी संपवा. तेच आकडे, तीच त्रिज्या, फक्त क्रम बदलला आणि झोळीची कमान झाली. ती मध्यावर १० उंच असते. १० गुणिले ९० बरोबर ९०० आणि ३० चा वर्गही ९००. आर्यभटाचा नियम येथेही हजर आहे.

आणि त्रिज्या ३० पेक्षा कमी दिली तर? दोन खांबांतले अंतर ६०. एवढ्या लहान वर्तुळाला दोन्ही खांब गाठताच येणार नाहीत. संगणक पुन्हा नकार देतो.

आकड्यांचे ठिपके

आकडे मिळाले, पण डोळ्यांना कंस दिसायला हवा. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक चौकोनांचा आलेख कागद. चौकोन पेटवायचा किंवा विझवायचा, अर्धा पेटवण्याची सोय नाही असे धरून चालू. मग गोल रेषा चौकोनांवर कशी उमटवायची?

आयबीएम या कंपनीतील जॅक ब्रेसनहॅम यांनी सरळ रेषेसाठी अशी एक युक्ती १९६२ साली तयार केली, ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. वर्तुळकंसासाठीचा त्यांचा लेख फेब्रुवारी १९७७ मध्ये छापून आला. तिच्यामागचा विचार आपण आलेख कागदावर करू.

केंद्र (०, ०), त्रिज्या १०. वर्तुळावरच्या बिंदूच्या दोन अंतरांच्या वर्गांची बेरीज १०० व्हायला हवी. माथ्यावरून, म्हणजे (०, १०) पासून निघा. दर पावलाला एक घर उजवीकडे जा आणि ठरवा की त्याच ओळीत राहायचे की एक घर खाली उतरायचे. ज्या घराची बेरीज १०० च्या जास्त जवळ ते घर निवडा. (१, १०) ची बेरीज १०१, खालच्या (१, ९) ची ८२. वरचे घर बरे. (२, १०) ची १०४, तेही बरे. (३, १०) ची १०९, म्हणजे चूक ९ ची. (३, ९) ची ९०, चूक १० ची. थोडक्यात वरचे जिंकले! पुढे (४, १०) ची ११६ आणि (४, ९) ची ९७. आता उतरा. असे करत गेलात की (५, ९), (६, ८) आणि (७, ७) ही घरे मिळतात. एवढा आठवा भाग झाला की पुरे. उरलेले सात भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखे मिळतात.

यात वर्गमूळ नाही, साइन-कोसाइन नाही. वर्ग काढायलाही गुणाकार लागत नाही, कारण १, ४, ९, १६ हे वर्ग ३, ५, ७ अशा विषम संख्या मिळवत गेले की आपोआप येतात. केवळ बेरीज-वजाबाकीने वर्तुळ! त्या काळच्या संगणकांना गुणाकार महाग पडे, म्हणून या युक्तीचे मोल मोठे होते.

कॅडमध्ये दुसराही मार्ग वापरतात. कंसाचे लहान लहान सरळ तुकडे करून ते जोडतात. आपली ५० त्रिज्येची कमान घ्या. प्रत्येक तुकड्याचा शर ०.१ पेक्षा जास्त नको असे ठरवले तर तुकडा सुमारे ६.३ लांबीचा येतो आणि सगळी कमान ११ तुकड्यांत होते. पडद्यावर चित्र खूप मोठे केले की हे तुकडे दिसू लागतात आणि कमान ओबडधोबड वाटते. नवखा माणूस घाबरतो. पण 'रीजेन' ही आज्ञा दिली की संगणक मूळ आकड्यांवरून नवे, अधिक बारीक तुकडे पाडतो आणि कमान पुन्हा गुळगुळीत दिसते. पडद्यावरचे रूप हे कंसाचे छायाचित्र. खरा कंस त्या पाच आकड्यांत सुखरूप असतो.

यंत्राला चूक कशी कळते?

कॅडमधले चित्र पुढे कारखान्यात जाते. तेथील आकड्यांवर चालणारी सीएनसी यंत्रे धातू कापतात. त्यांच्या भाषेत 'जी ०२' म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने कंस काप आणि 'जी ०३' म्हणजे उलट्या दिशेने काप. हत्यार उभे असते तो सुरुवातीचा बिंदू. पुढे शेवटचा बिंदू सांगायचा आणि 'आय' व 'जे' या अक्षरांनी हत्यारापासून केंद्र किती आडवे आणि किती उभे आहे ते सांगायचे. मोजा बरे. दोन, दोन आणि दोन, सहा!

आपल्या कमानीसाठी हत्यार (६०, ०) येथे आहे, शेवट (०, ०), आय उणे ३० आणि जे उणे ४०. समजा, टंकताना शून्य राहून गेले आणि आय उणे ३ झाला. केंद्र सरकून (५७, -४०) येथे आले. सुरुवातीचा बिंदू आता केंद्रापासून सुमारे ४० दूर, तर शेवटचा जवळजवळ ७० दूर. असा वर्तुळकंस असूच शकत नाही. पुष्कळ यंत्रे अशा वेळी धोक्याची सूचना देऊन जागीच थांबतात. हत्यार मोडत नाही, धातूचा तुकडा वाया जात नाही.

कॅडने जो सहावा आकडा टाकून दिला होता तोच येथे पहारेकरी झाला आहे. पाच आकडे कंस काढतात आणि सहावा त्यांची साक्ष काढतो. जादा माहिती निरुपयोगी असते असे समजू नका. ती फेकून द्यायची की पडताळ्यासाठी राखून ठेवायची, एवढाच प्रश्न असतो. प्रयोगशाळेत एकच माप आपण दोनदा घेतो ते याच कारणाने.

करून पाहा

१. सुरुवातीचा दूरध्वनीचा खेळ खेळा. मित्राला पाच आकडे सांगा, नंतर दोघांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. कंस जुळतो का?

२. कॅडमध्ये अनेक रेषा आणि कंस जोडून साखळी करता येते. तिथे प्रत्येक कंसासाठी दोन टोके आणि 'बल्ज' नावाचा एक आकडा लिहितात. बल्ज म्हणजे फुगवटा. शराला अर्ध्या जीवेने भागले की तो मिळतो. अर्धवर्तुळाचा बल्ज १ का येतो ते शोधा. आपल्या कमानीचा किती येईल? १० भागिले ३०, म्हणजे एक तृतीयांश. कंस प्रदक्षिणेच्या दिशेने असेल तर हा आकडा ऋण लिहितात. धनुष्य तेच, बाण तोच, नाव तेवढे नवे.

३. वरच्या उदाहरणात आयऐवजी जे मध्ये चूक झाली, उणे ४० ऐवजी उणे ४ पडले, तर यंत्राला ती कळेल का? केंद्र (३०, -४) येथे घेऊन दोन्ही अंतरे काढा. दोन्ही सारखीच येतात! पहारेकऱ्याला फसवणारा चोर हा असा असतो. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी आकड्यांवर माणसाची नजर फिरावीच लागते.

लिब्रेकॅडसारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. शाळेच्या संगणकावर ती असेल तर हे सारे पडद्यावर करून पाहा. संगणक नसला तरी बिघडत नाही. आलेख कागद, कंपास आणि पाचपर्यंत मोजण्याची सवय एवढे पुरे आहे. एखाद्या आकृतीला नेमके किती आकडे लागतात हे मोजता आले, की कोणत्याही आज्ञावलीतली कोणतीही यादी तुम्हाला घाबरवू शकणार नाही. सरळ रेषेला चार, वर्तुळाला तीन, वर्तुळकंसाला पाच. मग लंबवर्तुळाला किती? पुढच्या सुट्टीत विचार करा.